गाडी गिअरमध्ये, रिमोट हातात

उन्हाळ्यात या सदराकडे येणारी बहुतेक पत्रे एसीची असतात. थंड करत नाही, वास मारतो, पाणी पायाशी गळते. यंदा मात्र गाडीत बसण्याआधीच एसी चालू कसा करायचा, हे विचारणाऱ्यांची गर्दी झाली. म्हणजे रिमोट स्टार्टर. म्हापशात माझ्या दुकानासमोरही रोज कोणीतरी मोबाईलवर किटचा फोटो दाखवत "हे बसेल का?" म्हणून उभा असतो. तेव्हा हा अंक त्यालाच देऊन टाकतो. मी वायरमन, इंजिन खोलणारे हात वेगळे. पण रिमोट स्टार्टर हे जवळजवळ सगळे वायरचेच काम आहे, त्यामुळे चार गोष्टी ठामपणे सांगू शकतो.

प्रश्न : आमच्याकडे 2017 ची पेट्रोल स्विफ्ट आहे, हाताच्या गिअरची. मुलगा कॅनडात असतो. या खेपेला येताना तो तिथून रिमोट स्टार्टरचे किट घेऊन आला. तिकडे थंडीमुळे घरोघरी बसवतात म्हणे. आमचे घर चढावर आहे, गाडी फाटकाबाहेर उतारावरच उभी राहते. दुपारी बाहेर पडायचे म्हटले की आत बसवत नाही, आणि सौभाग्यवतींना उन्हाचा त्रास आहे. किटवर 'युनिव्हर्सल' असे छापले आहे. गाडीची वॉरंटी संपली, त्यामुळे तीही चिंता नाही. इथे कोणी बसवून देईल का?
(निवृत्त शिक्षक, म्हार्दोळ)

उत्तर : सर, बसवून मिळेल. पैसे मोजले की गोव्यात काय बसवून मिळत नाही? पण तुमच्या गाडीला बसवू नका असे मी सांगेन, आणि त्याचे कारण तुमच्याच पत्रात आहे. गाडी उतारावर उभी राहते.

उतारावर लावताना तुम्ही हँडब्रेक ओढता आणि वर गिअर टाकून ठेवता. हे मी न बघता सांगतो, कारण ज्याने तुम्हाला गाडी शिकवली त्याने तेच शिकवले असणार, आणि बरोबर शिकवले. हँडब्रेकची केबल आपल्याकडे दोन पावसाळ्यांत ढिली पडते किंवा गंजून अडकते. गिअर हा दुसरा आधार. आता त्याच गाडीला रिमोट स्टार्टर लावा आणि सोप्यावर उभे राहून बटण दाबा. गिअरचा दांडा कुठे आहे हे किटातल्या डबीला दिसत नाही. हाताच्या गिअरच्या बहुतेक गाड्यांत 'न्यूट्रल आहे' असे सांगणारी वायरच तिला मिळत नाही. ती सेल्फला करंट देते. सेल्फ इंजिनाबरोबर चाकेही ओढतो आणि गाडी धक्का खाऊन पुढे सरकते. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्या अशा वेळी आचका देऊन बंद तरी पडायच्या. इंजेक्शनच्या गाडीत ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंजिन बंद पडू नये म्हणून आपणहून हवा-पेट्रोल वाढवते, आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये हळूहळू चालू लागते. सीटवर कोणी नाही. पुढे कुंपण आहे की शेजाऱ्यांचा नातू, हे गाडीला ठाऊक नाही.

काही गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ मारत नाही, अशी सोय कंपनीच देते. किट बसवताना नेमकी तीच सोय बायपास करावी लागते, कारण रिमोटला पाय नसतो.

चांगल्या किटात यावर तोड काढलेली असते, हेही सांगतो. गाडी थांबवली की न्यूट्रल करायचे, हँडब्रेक ओढायचा, रिमोटचे बटण दाबून चावी काढायची. इंजिन चालूच राहते. मग उतरून दार लावायचे आणि बाहेरून रिमोटने इंजिन बंद करायचे. डबी एवढेच लक्षात ठेवते की मालक बाहेर पडला तेव्हा इंजिन चालू होते आणि गाडी हलली नाही, म्हणजे गिअर पडलेला नव्हता. त्यानंतर कोणी दार उघडले की ही खूण पुसली जाते आणि रिमोटने सेल्फ मारत नाही. युक्ती हुशारीची आहे. पण ती चालायला सगळ्या दारांचे स्विच डबीला जोडलेले लागतात. बरेच जण फक्त ड्रायव्हरच्या दाराची वायर जोडून मोकळे होतात. मग मागच्या दाराने आत शिरून मुलाने गिअरचा दांडा हलवला तर डबीला पत्ताच नाही. आणि दुसरे म्हणजे गाडी कायम न्यूट्रलमध्ये, निव्वळ हँडब्रेकवर उभी ठेवावी लागते. सपाट अंगण असेल त्याने विचार करावा. तुमच्या चढावर नाही. गिअर टाकून ठेवण्याची सवय आणि रिमोट स्टार्टर एका गाडीत नांदत नाहीत, आणि दोहोंतून एक निवडायचे तर मी सवय निवडीन.

आता कॅनडाचे. तिकडे बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक. दांडा 'पी'वर (पार्क) किंवा 'एन'वर (न्यूट्रल) नसेल तर सेल्फ मारत नाही, त्यामुळे वरचा प्रश्न त्यांना पडतच नाही. त्यांना इंजिन आणि काच तापवायची असते, आपल्याला आतली हवा निववायची. गरजच उलटी.

'युनिव्हर्सल' या शब्दावर जाऊ नका. सेल्फ, इग्निशन, ॲक्सेसरी, ब्रेक यांच्या वायरी कुठल्याही गाडीत शोधता येतात, तेवढ्यापुरते ते युनिव्हर्सल. पण तुमच्या चावीत एक चिप आहे. चावी लावण्याच्या जागेभोवती तारेचे एक कडे असते. ते चिपला जागे करते आणि तिचा नंबर वाचते. नंबर जुळला नाही तर इंजिन चालत नाही. मारुतीच्या गाड्यांत याला आयकॅट्स म्हणतात. रिमोटने चालू करताना चावी लावलेली नसते, म्हणून या कुलपाला फसवणारी आणखी एक डबी लागते, आणि ती मात्र गाडीगणिक वेगळी असते. कॅनडातल्या किटाच्या यादीत तिकडे विकल्या जाणाऱ्या गाड्या असतात. सुझुकीने तिथे गाड्या विकणे 2014 मध्येच थांबवले. तुमची स्विफ्ट त्या यादीत शोधूनही सापडणार नाही.

मग इथला वायरमन काय करतो? तुमची दुसरी चावी मागून घेतो, तिची चिप डॅशबोर्डच्या आत लपवतो आणि त्या कड्याशी जोडून टाकतो. नीट करणारा मध्ये रिले घालतो, म्हणजे रिमोट दाबला तेवढ्यापुरतीच चिप जोडली जाते. घाईत करणारा चिप कड्याला टेपने कायमची चिकटवून मोकळा होतो. झाले, तुमच्या गाडीचे कुलूप संपले. बाजारात पाडून घेतलेल्या साध्या चावीनेही ती चालू होईल. आणि एवढ्यावर भागत नाही. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एक गाडीबरोबरच गेली असे सांगितले की पुढची लढाई तुमची.

राहता राहिला रिमोट. उत्तर अमेरिकेत लांब पल्ल्याचे रिमोट बऱ्याचदा 902 ते 928 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, कारण तिथे तो पट्टा खुला आहे. आपल्याकडे 890 ते 915 मध्ये मोबाईल फोन टॉवरशी बोलतात. तसला रिमोट इथे वापरणे कायद्याला धरून नाही. आपल्याकडे असल्या छोट्या रिमोटांसाठी 433 ते 434 चा पट्टा आहे. रिमोटच्या मागे बारीक अक्षरात आकडा छापलेला असतो, चष्मा लावून बघा.

तर किट परत जात असेल तर पाठवून द्या, आणि वहिनींसाठी दुसरे करा. पुढच्या काचेला आतून चकचकीत पडदा लावा. डॅशबोर्ड तापला नाही तर अर्धे काम तिथेच झाले. निघण्याआधी चारी दारे उघडून गरम हवा जाऊ द्या, मग दारे लावून, काचा खाली करून एसी बाहेरच्या हवेवर ठेवा आणि तशीच गाडी म्हार्दोळच्या देवळापर्यंत न्या. मग काचा बंद, हवा आतली आतच फिरेल असे बटण. उभ्या गाडीत एसी कमीच थंड करतो, कारण कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो आणि आयडलला इंजिन मंद असते. पुढच्या जाळीला वाराही लागत नाही. चालत्या गाडीत तोच एसी लवकर पकडतो. वहिनींना सावलीत उभे करून तुम्ही गाडी तेवढी फिरवून आणा, त्यात किटापेक्षा जास्त काम होईल.

प्रश्न : मागच्या वर्षी आय-टेनला रिमोट स्टार्टर बसवून घेतला. पहिले काही महिने मजेत गेले. आता सेल्फ कधीकधी खर्रर्र असा ओरडतो, विशेषतः गाडी नुकतीच चालवून आणलेली असली की. कधी इंजिन चालू होते पण एसीचा पंखाच फिरत नाही. बसवणारा म्हणतो गाडी जुनी झाली. चावीने मात्र सगळे व्यवस्थित चालते. स्टेअरिंगखालचे कव्हर काढून फोटो पाठवत आहे.
(व्यापारी, डिचोली)

उत्तर : चावीने व्यवस्थित चालते, हे एक वाक्य पुरे. गाडीला दोष नाही.

खर्रर्र कशाचे, ते आधी. चावीने चालू करताना इंजिन उचलले की तुमचा कान सांगतो आणि हात चावी सोडतो. डबीला कान नाही. तिला इंजिनाचे फेरे कळवावे लागतात: इंजेक्टरच्या किंवा कॉइलच्या वायरीवरून, नाहीतर डायग्नोस्टिक सॉकेटच्या डेटा वायरीवरून. ते काम वेळखाऊ, म्हणून बरेच जण ते टाळतात आणि डबी 'व्होल्टेज'वर लावून देतात. इंजिन चालू झाले की अल्टरनेटर चार्ज करू लागतो आणि बारा-साडेबारा असलेले व्होल्टेज चौदाच्या आसपास चढते. ते बघून डबी सेल्फ सोडते. थंड इंजिनाला यात निभते. गरम इंजिन पटकन उचलते, व्होल्टेज मागाहून चढते, आणि मधल्या वेळात चालू इंजिनावर सेल्फ फिरत राहतो. तो आवाज त्याचा. सेल्फच्या आतला क्लच आणि दात हे असे रोजच्या रोज खातात. सेल्फ बदलायची वेळ आली की तुम्हाला पुन्हा सांगतील, गाडी जुनी झाली. फेऱ्यांची वायर जोडून घ्या आणि डबीला इंजिन पुन्हा 'शिकवून' घ्या. किटाच्या पुस्तिकेत ती रीत असते.

पंखा का फिरत नाही? तुमच्या फोटोतच उत्तर आहे. इग्निशन स्विचमधून एकच वायर निघत नाही. एक इंजिनाला जाते, एक रेडिओ वगैरेंना, आणि एसी-ब्लोअरला बहुधा वेगळी. चावी फिरवली की सगळ्या एका वेळी जिवंत होतात. रिमोटच्या डबीने त्या सगळ्या जिवंत करायच्या असतात. तुमच्याकडे ब्लोअरची वायर जोडली आहे, पण फोटोत डाव्या कोपऱ्यात जी निळी प्लास्टिकची क्लिप दिसते तिने. ही क्लिप वायर न कापता चिमटीत धरते आणि आतले पाते रबर फोडून तांब्याला टेकते. दोन मिनिटांचे काम. त्या क्लिपच्या तोंडाशी हिरवी पूड दिसते आहे, बघा. आपल्या दमट हवेत उघडे पडलेले तांबे असेच होते. तिथे कनेक्शन कधी आहे, कधी नाही. वर ब्लोअरचा करंट काही थोडका नाही, त्यामुळे अशी अर्धवट जोडणी तापते. फोटो मोठा करून पाहिला तर क्लिपचा एक कान पिवळट-तपकिरी झालेला दिसतो. म्हणून एसी चालत नाही याच्याआधी याची काळजी करा: गाडी वायरमनकडे नेईपर्यंत रिमोटने चालू करू नका.

काम करून घेताना सांगा की क्लिपा सगळ्या काढायच्या, जोड सोल्डर करून त्यावर आकसणारी नळी चढवायची, आणि डबीच्या मुख्य वायरींना बॅटरीच्या बाजूला फ्यूज हवा. फ्यूज घातलाय की नाही ते फोटोत दिसत नाही. आणि बल्बचा टेस्टर घेऊन कोणी तिथे टोचू लागला तर हात धरा. ईसीएमच्या वायरींना मल्टीमीटरच लावायचा. स्टेअरिंगच्या दांड्यापाशी पिवळ्या आवरणाच्या, पिवळ्या कपलरच्या वायरी असतात त्या एअरबॅगच्या. त्यांना कोणीही, कशासाठीही हात लावायचा नाही. काम सुरू करण्याआधी बॅटरीचे निगेटिव्ह काढून थोडा वेळ थांबणारा माणूस दिसला तर तो जाणकार आहे असे समजा.

तिथेच उभे राहून आणखी दोन गोष्टी तपासून घ्या. रिमोटने इंजिन चालू करा आणि चावी न लावता ब्रेक दाबा. इंजिन जागच्या जागी बंद पडले पाहिजे. काच फोडून आत बसलेल्या चोराला हीच एक वायर अडवते. स्टेअरिंग लॉक असते हे खरे, पण त्यावर विसंबू नका. मग बॉनेट उघडा आणि रिमोट दाबा. सेल्फ हललासुद्धा नाही पाहिजे. बॉनेटखाली एक छोटा दाबस्विच बसवावा लागतो, आणि मी पाहिलेल्या गाड्यांत सर्रास गाळलेला असतो तो हाच. तुम्ही पट्ट्यावर हात ठेवून वाकलेले आणि घरात पोराच्या हाती रिमोट, हे चित्र डोळ्यांसमोर आणले की त्या स्विचचे पैसे जड वाटत नाहीत.

आणि घरच्यांना एक सांगून ठेवा. रिमोटने चालू असलेल्या गाडीत बसल्यावर चावी 'ऑन'पर्यंतच फिरवायची, मग ब्रेक दाबायचा. सवयीने पुढे फिरवली तर तुमची तीच खर्रर्र.

प्रश्न : मी जहाजावर असतो, सहा-सहा महिने गाडी घरी उभी. रिमोट स्टार्टर बसवल्यापासून प्रत्येक सुट्टीत बॅटरी बसलेली मिळते. घरच्यांना आठवड्यातून एकदा रिमोटने दहा मिनिटे गाडी चालू करायला सांगितले आहे, तरीही.
(पेडणे)

उत्तर : गाडी झोपलेली असतानाही डबी जागीच असते, तुमच्या रिमोटची हाक ऐकत. तिला थोडा करंट लागतो. बंद गाडीचा एकूण करंट 50 मिलिॲम्पिअरच्या आत असावा. खराब जोडणीने तो 100 झाला असे धरा. म्हणजे दिवसाला 2.4 ॲम्पिअर-तास. छोट्या गाडीची बॅटरी साधारण 35 ची. आठवड्यात ती अर्धी रिकामी होते आणि दोन आठवड्यांत संपते. सहा महिने दूरच राहिले. निगेटिव्हच्या वाटेत मीटर लावून, गाडी लॉक करून, सगळे दिवे झोपल्यावर आकडा घ्यायला सांगा. मग किटाचा फ्यूज काढून पुन्हा आकडा घ्या. फरक तेवढा किटाचा.

दहा मिनिटांच्या आयडलने काही साधत नाही. आयडलला अल्टरनेटर कमी चार्ज करतो, आणि घरच्यांनी एसीचे बटण चालूच ठेवले असेल तर उरलेलेही त्यात जाते. शिवाय सायलेन्सर पुरता तापत नाही, आत पाणी धरते. जहाजावर जाताना निगेटिव्ह काढून ठेवा, बस्स. आणि घरात किटाचा रिमोट सापडेल अशा जागी ठेवू नका. तुमची गाडीही गिअरमध्येच उभी असेल.

प्रश्न : आमची गाडी ऑटोमॅटिक आहे, त्यामुळे रिमोट स्टार्टर सुरक्षित आहे असे दुकानदार म्हणतो. तो सिमकार्डवाले किट देतोय. मोबाईलवरून कुठूनही गाडी चालू करता येते. इमारतीखाली स्टिल्टमध्ये पार्किंग आहे. ऑफिसला पणजीला रस्त्यावर गाडी लावते, तिथून निघताना पाच मिनिटे आधी चालू केली तर बरे पडेल.
(गृहिणी व बँक कर्मचारी, पर्वरी)

उत्तर : ताई, आधी दांड्याकडे बघा. त्यावर 'पी' आहे का? पत्रात गाडीचे नाव आहे त्यावरून ती एएमटी असावी, म्हणजे साध्या गिअरबॉक्सवर क्लच आणि गिअर बदलणारी यंत्रणा बसवलेली. बहुतेक एएमटीत 'पी' नसतो. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवूनच बंद करायची, असे कंपनीच्या पुस्तकातच असते. आल्तिनोच्या चढावर तुम्ही तेच करत असाल. कंपनीची गाडी ब्रेक दाबलेला असल्याशिवाय आणि दांडा 'एन'वर असल्याशिवाय सेल्फ मारत नाही, आणि किट त्यातल्या ब्रेकची खोटी खूण देते. दांड्याची खूणही कोणी 'सोय' म्हणून खोटी दिली तर वरच्या गुरुजींना जे लिहिले ते सगळे तुम्हालाही लागू. 'पी' असलेली खरी ऑटोमॅटिक असेल तर गोष्ट वेगळी. दुकानदाराचे म्हणणे त्या गाडीपुरते बरोबर.

सिमकार्डवाल्या किटाबद्दल माझे मत चांगले नाही. गाडी डोळ्यांसमोर नसताना ती चालू करायची गरज काय? रिमोटला पल्ला कमी असतो ही मला उणीव वाटत नाही. आणि स्वस्तातली किटे टू-जीवर चालतात, त्यात जिओचे सिम घातले तर चालणारच नाही, कारण जिओकडे टू-जी नाही. दुकानदाराने हे सांगितले का?

स्टिल्टमध्ये तीन बाजू उघड्या असतील तर धूर साचत नाही. पण तुमची जागा कोपऱ्यात, जिन्याच्या भिंतीला लागून असेल आणि वर पहिल्या मजल्याची खिडकी असेल तर तिथे गाडी चालू ठेवून वर जाऊन चहा घेऊ नका. कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. शटर असलेल्या गॅरेजात तर रिमोट स्टार्टरचा विषयच नको.

पणजीच्या रस्त्याचे उत्तर कायद्याने दिले आहे. मोटार वाहन कायदा, 1988, कलम 126. सार्वजनिक जागी गाडी उभी असेल तर एकतर लायसन्सवाला माणूस ड्रायव्हरच्या सीटवर हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी तजवीज हवी. रस्त्यावर रिकामी गाडी घुरघुरत ठेवणे याच्या आशयात बसत नाही, आणि काही घडले तर त्याचे उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल. घरच्या आवारात करायची ती मौज. पणजीत पार्किंग मिळाले हेच पुष्कळ समजा, पडदा लावा आणि या.

किट बसवलेच तर विमा कंपनीला लेखी कळवा. गाडीच्या कंपनीने न बसवलेल्या इलेक्ट्रिकल वस्तूंसाठी पॉलिसीत आयएमटी 24 या नावाने वेगळी तरतूद असते. नव्या गाडीची वायर कापली की इलेक्ट्रिकल वॉरंटीवरून सर्व्हिस सेंटर वाद घालणार हेही गृहीत धरा.

प्रश्न : नवी गाडी घ्यायची आहे. कंपनीचाच रिमोट स्टार्ट असलेले मॉडेल घ्यावे की साधे घेऊन बाहेरून बसवावे? किमतीत बराच फरक आहे.
(साखळी)

उत्तर : ऑटोमॅटिक घेणार असाल आणि ही सोय हवीच असेल तर कंपनीचीच घ्या. 2019 मध्ये ह्युंदाई व्हेन्यू आणि किया सेल्टॉस आल्या तेव्हापासून आपल्याकडे ही गोष्ट मध्यम किमतीच्या गाड्यांतही मिळू लागली. त्यात गिअर, दारे, बॉनेट, चावी या सगळ्यांची खबर ईसीएमला आधीपासून असते. कोणाला क्लिपा लावाव्या लागत नाहीत आणि चिपही लपवावी लागत नाही. बाहेरून बसवलेले किट स्वस्त पडते, कारण त्यात हीच खबर घेणाऱ्या वायरी गाळलेल्या असतात.

शोरूममध्ये एक विचारा: रिमोट स्टार्ट चावीवरून होतो की फक्त ॲपवरून? ॲपचा असेल तर सुरुवातीची काही वर्षे फुकट असतात, मग वर्गणी. ती किती, हे लिहून घ्या. आणि ट्रायल दुपारी घ्या, त्यांच्या थंड हॉलमध्ये नको. बाहेर उन्हात उभ्या असलेल्या गाडीवर बटण दाबायला लावा आणि आत बसण्याजोगे व्हायला किती मिनिटे लागतात ते घड्याळात बघा. त्या मिनिटांसाठी तुम्ही वरचे पैसे मोजणार आहात. तेवढे मोजावेसे वाटले तर घ्या.